काशीला सोडलेला चहा

परीक्षांचे दिवस आले की आमच्या कोरेगावातला कॉलेजचा रस्ता ओळखू येत नाही. झेरॉक्सच्या दुकानांपुढं रांगा, हॉलतिकीट घरी विसरलेली पोरं, ती घेऊन मागून धावत आलेल्या आया, आणि सकाळचा गारठा सरतो न सरतो तोच डोक्यावर आलेलं ऊन. यंदाही रमजान ह्याच दिवसांत आलाय. परवा शाळेतून येताना रेहानाच्या गाड्याशी थांबले, तर उभं राहायला जागा नव्हती. पोरापोरींच्या हातात पारदर्शक ग्लास, त्यात बोटाएवढी जाड नळी, तळाशी काळे मणी, आणि सगळी गाल आत ओढून ते मणी वर खेचतायत. बबल टी. पोरांच्या तोंडी नुसता 'बोबा'.

हा गाडा पहिल्यांदा लागला तेव्हा मी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं की हे खूळ दिवाळी बघणार नाही. मी विज्ञान शिकवते, पण भविष्य सांगायची मला भारी हौस. आणि माझं चुकलं कुठं? आमच्या रस्त्यानं अशी खुळं काय कमी पाहिलीत? धुराचा चहा आला, मडक्यातला आला, रंगीबेरंगी सरबतांचे इंग्रजी अवतार आले. आले तसे गेले, आणि त्यांचे बोर्ड पुढच्या माणसाच्या गाड्याला पत्रा म्हणून कामी आले. बोबा मात्र बसला तो बसलाच. साताऱ्यात आहे, विट्यात स्टँडजवळ आहे. माझी मुलगी ऋतू आता शिकायला सांगलीला असते. ती व्हिडिओ कॉलवर अभ्यासाचं पुस्तक कधी दाखवत नाही, हा ग्लास मात्र न चुकता दाखवते.

मला तो आवडत नाही. अजूनही नाही. गारढोण दुधात कोणी चहा घालावा, वर त्यात चावायला काहीतरी टाकावं, हे माझ्या जिभेला पटत नाही. तरीही सांगते, ह्या पेयाचे माझ्यावर उपकार आहेत. माणसाचे असतात तसे उपकार. हसायचं असेल तर हसा, पण गेल्या वर्षीचे हेच दिवस आठवले की मला त्या गाड्यापुढून मान खाली घालून जावंसं वाटतं, देवळापुढून जावं तसं.

आम्ही खरी चहाची माणसं. माझे वडील, म्हणजे अप्पा, फौजेत होते. सुट्टीवर आले की पहाटे गावच्या घराच्या ओट्यावर बसायचे आणि आतल्या अंगाला नुसतं खाकरायचे. एवढं पुरायचं. आई उंबऱ्यावर आलं ठेचायची, त्याचा वास अंगणभर सुटायचा, मग पातेल्यात साखर पडल्याचा आवाज. अप्पा चहा बशीत ओतून घ्यायचे, फुंकर मारायचे आणि डोळे मिटून पहिला घोट घ्यायचे. आई पुढ्यात बसून तिच्या कपात बघत प्यायची. दिवसभरात ती दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. जे काय बोलायचं ते त्या चहावर. कुठल्या रानात पाणी सोडायचं, थोरल्या भावाला कुठल्या शाळेत घालायचं, माझं लग्न कुठं ठरवायचं, सगळे निर्णय त्या बशीवर झाले. अप्पा निवृत्त होऊन घरी आले तरी हा क्रम मोडला नाही. आणि एवढ्या वर्षांत अप्पांनी स्वतः एकदाही चूल किंवा गॅस पेटवला नाही. चहा ही त्यांच्या दृष्टीनं खाकरलं की येणारी वस्तू होती.

आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर गावातली मंडळी काशीला निघाली, त्यांच्याबरोबर अप्पाही गेले. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक खाण्याची वस्तू तिथं सोडून यायची, पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, ही आपल्याकडची रीत. आता ह्या रीतीत आपली माणसं किती हुशार असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या मामींनी कारलं सोडलं. आयुष्यात कधी ताटात घेतलं नव्हतं. एका काकांनी सुरण सोडला, तो आमच्या भागात कोणी खातही नाही. अप्पा परत आले, मी चहा टाकला, तर म्हणाले, "मला नगं. सोडून आलोय."

"चहा?" मी म्हटलं. "अहो अप्पा, चहा कोणी सोडतं का?"

"आवडती वस्तू सोडायची आसती. मला दुसरं काय आवडत हुतं?"

टाकलेला चहा मी एकटीनंच प्यायले.

भाऊ फौजेत, सरहद्दीकडं. गावचं घर कुलपात. म्हणून मी अप्पांना कोरेगावला आणलं. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं ह्याचा त्यांना संकोच, आणि त्यात चहा नाही. चहा सुटला म्हणजे काय काय सुटतं ते मला तोवर कळलं नव्हतं. आपल्याकडं माणूस माणसाला भेटतो तो चहापुरता. "चला, च्या घिऊ" म्हणजे "बस जरा माझ्यापाशी". स्टँडामागच्या टपरीवर पेन्शनरांचा घोळका बसतो, तिथं अप्पा दोनचारदा गेले. प्रत्येक वेळी कोणीतरी कप पुढं करायचा, अप्पा नको म्हणायचे, मग का नको, कधी सोडला, कशापायी सोडला, ही सगळी कहाणी. बायको गेल्याची गोष्ट माणसानं टपरीवर किती वेळा सांगायची? अप्पांनी जाणं बंद केलं. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायला लागले. चतकोर भाकरी खायचे. हाक मारली की "हां" म्हणायचे, त्यापुढं नाही. डॉक्टरांकडं नेलं, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मी खोलीच्या दारात उभी राहून त्यांची पाठ बघायचे. आई तर गेलीच होती. आता बापही असा डोळ्यांदेखत, नॉर्मल रिपोर्टासकट, हातातून चालला होता.

तेवढ्यात ऋतूची बारावीची परीक्षा लागली. मी दुसऱ्या शाळेवर सुपरव्हिजनला, नवरा पुण्यात नोकरीला. ऋतूनं आजोबांना सांगून टाकलं, "तुम्ही मला सोडायला आणि आणायला यायचं." तिला एकटीला जाता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण नातीचा हुकूम म्हटल्यावर अप्पा उठले. पहिला पेपर झाल्यावर पोरीनं त्यांना सरळ रेहानाच्या गाड्यावर नेलं.

त्या संध्याकाळी अप्पा आपण होऊन माझ्याशी बोलले. "ते काय गं, बोबा का काय. दुधात शाबू हाय. काकवीचा वास येतो. दाताला काम हाय जरा." आणि थोड्या वेळानं, "बरं लागलं."

बरं लागलं! कितीतरी महिन्यांत त्यांना काही बरं लागलं नव्हतं.

मला माहीत होतं त्यात चहा असतो ते. मी बोलले नाही. का बोलावं? त्याबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. भाकरी अर्धी जायला लागली होती.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर चहा प्यायलेल्या माणसाला चहा ओळखू येऊ नये? तर त्याचं असं आहे की अप्पांच्या जगात चहा थंड असूच शकत नाही. गार झालेला चहा ते म्हशीच्या आंबोणातही टाकू द्यायचे नाहीत. त्यात बर्फ, त्यात नळी, त्यात रेहानाची काकवी इतकी गडद की तिच्या करपट गोडव्याखाली काहीही लपावं. बोर्ड इंग्रजीत, त्यातही मुरड घातलेली अक्षरं. शिवाय 'टी' कोणी म्हणतच नाही. गाड्यावर सगळे बोबा म्हणतात, अप्पाही बोबा म्हणायला लागले.

रेहाना कोरेगावचीच सून, माहेर विट्याचं. नवरा टेम्पोवर असतो, गाडा तीच सांभाळते. पुण्यात एका मॉलमध्ये कामाला होती तेव्हा हे सगळं शिकली. तिथं मणी पाकिटातून तयार यायचे. इथं तिनं आपलं डोकं चालवलं. विट्याचे तिचे शेजारी सोनं गाळायच्या धंद्यापायी तमिळनाडूत सेलमला असतात. त्या बाजूला शाबूचे कारखाने आहेत, तिथनं पीठ येतं. उकळत्या काकवीत ते पीठ घालून मळायचं, गरम असतानाच, हात भाजत असताना. मग बारीक गोळ्या वळायच्या, उकडायच्या, पुन्हा काकवीत मुरवायच्या. पहिल्या दिवसांत लोक येऊन विचारायचे. बायका विचारायच्या, अंडं-बिंडं नाही ना गं? तिच्या नात्यातले विचारायचे, जिलेटिन नाही ना? ती दोघांनाही एकच उत्तर द्यायची, "शाबू हाय शाबू." एकादशीला तर बायका उपवासाचा म्हणूनच प्यायच्या.

पेपर नसेल त्या दिवशीही अप्पा गाड्यावर जायला लागले. मग टपरीवरचे तात्या पवार एकदा त्यांना शोधत आले आणि तेही ग्लास घेऊन उभे राहिले. कवळी बसवलेला माणूस, मणी दाताखालून निसटायचा आणि तात्या त्या मण्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. पोरं हसायची. म्हाताऱ्यांना कट्ट्यावर जागा करून द्यायची. मी एकदा लांबून पाहिलं तर अप्पा एका पोराला फौजेतल्या भरतीचं सांगत होते, हातवारे करून.

हे खूळ का टिकलं ह्याचं माझं उत्तर मला तिथं सापडलं. कोणी म्हणतं गोड असतं म्हणून, कोणी म्हणतं फोटो बरा येतो म्हणून. मला विचाराल तर त्याला वेळ लागतो म्हणून. चहा दोन घोटांत संपतो आणि माणूस ढुंगण झटकून उठतो. बोबाचं तसं नाही. मणी नळीत अडकतो, चार तळाशी उरतात, ते टिपायला ग्लास वाकडा करावा लागतो. घाई केली तर ठसका लागतो. तोवर समोरचा माणूस समोरच असतो. परीक्षेच्या दिवसांत पोरांना ह्याहून वेगळं काय हवं असतं? आणि अप्पांना तरी?

मग रमजान सुरू झाला. रेहाना रोजे धरते, सगळेच्या सगळे. दिवसभर बर्फात हात, दुधाचे टोप, काकवीचा घमघमाट, आणि जिभेवर पाण्याचा थेंब नाही. तिची खरी पंचाईत वेगळीच होती. मणी शिजले का ते चावल्याशिवाय कळत नाही. वरून चकचकीत दिसतात, आत खडा असतो. हातानं दाबून अंदाज लागत नाही. पहिल्या दिवशी तिनं अप्पांपुढं वाटी धरली.

"अप्पा, माझा रोजा हाय. एवढं चावून सांगा की."

अप्पांनी एक मणी तोंडात टाकला. फौजेत बंदूक तपासावी तसा चेहरा करून चावला. "आजून हाय मधी. जरा शिजू दे."

झालं. अप्पांना नोकरी लागली. रोज दुपार कलल्यावर पहिला घाणा निघायचा त्या वेळी अप्पा हजर. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, डोक्याला टोपी. मणी चावायचे आणि निकाल द्यायचे. "आज एक नंबर." "आज चिवाट झालाय, फेकू नगंस, दुसऱ्या घान्यात मिसळ." रेहाना मान डोलवायची. घरी येऊन आम्हाला दिवसाचा अहवाल. मी भाकऱ्या थापत ऐकायचे आणि एक जास्तीची थापायचे. ती खपायची.

मला वाटलं होतं, हे असंच चालेल.

एके दिवशी मी शाळेतून परस्पर गाड्यावर गेले होते. एरवी रेहाना कोरा चहा घरूनच उकळून, गार करून आणायची; त्या दिवशी तिनं पावडरीचा नवा पुडा गाड्यावरच फोडला होता. कोरा चहा उकळून, गाळून तिनं वाटीत घेतला आणि नेहमीच्या सवयीनं अप्पांपुढं केला. "ह्याचाबी एक घोट घिऊन सांगा, अप्पा. पावडर बदललीया. कडू पडलाय का बघा."

अप्पांनी वाटी नाकाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. "च्या हाय ह्यो. न्हाई बाय, मी च्या सोडलाय. काशीला." मग आजूबाजूला बघत म्हणाले, "इथं च्याबी इकतीस व्हय तू? मला ठावं नव्हतं."

रेहानाचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नको. सांगू नको. डोळ्यांनी जेवढं विनवता येतं तेवढं विनवलं.  तिनं ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, "अप्पा, तुमी इथं रोज पिता त्यात ह्योच च्या आसतोय."

"रोज?"

"रोज. गार करून घालती. तुमी सोडलाय हे मला आजपतुर म्हाईत न्हवतं."

अप्पांच्या हातात अर्धा ग्लास होता. तो त्यांनी फळीवर ठेवला, सावकाश, सांडू न देता. टोपी सारखी केली आणि घराकडं चालायला लागले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी घरी पोहोचले तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले होते.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. भाकरी पुन्हा चतकोरावर आली. मी रेहानाच्या गाड्यावर गेले ती भांडायलाच. "काय अडलं होतं गं तुझं? घोटभर चहानं कोणाचं काय बिघडत होतं? माणूस उठून बसला होता. तुझ्या खरेपणापायी पुन्हा आडवा झाला."

ती ऐकून घेत होती. हातातला बर्फ फोडायचा थांबवला होता, एवढंच. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, दिसभर माझ्या हातात ह्यो बर्फ आसतोय. नरडं वाळून जातंय. फळीखाली वाकून एक खडा तोंडात टाकला तर कुनाला दिसनार हाय? कुनालाबी न्हाई. तरीबी टाकत न्हाई. त्यांचंबी आसंच आसंल न्हवं. मला माझा रोजा हाय, तसा त्यांना त्यांचा नेम हाय. त्यो माझ्या हातानं मोडत ऱ्हायचा, आनि मी हसत ग्लास भरत ऱ्हायचं, ते न्हाई जमायचं मला."

तिचं बरोबर होतं. ते मला तिथल्या तिथं कळलं, आणि तरी माझा राग काही गेला नाही. बरोबर असलेल्या माणसाचा जास्तच राग येतो. मी पाय आपटत घरी आले.

तात्या पवार समजूत घालायला आले. खाटेच्या कडेला बसले आणि वकिली सुरू केली. "आरं गड्या, च्या म्हंजी काय? गरम आसतो त्यो च्या. गार झाला, बर्फ पडला, शाबू पडला, त्यो च्या ऱ्हातोय व्हय? देव काय येडा हाय का?"

अप्पा भिंतीकडंच बघत म्हणाले, "तात्या, सोडताना मी गरम का गार आसं काय बोललो न्हवतो."

 अप्पा पुढं जे बोलले ते मी दारामागून ऐकलं. "च्या तिच्यासंगट हुता. ती न्हाई तर त्योबी न्हाई, आसं ठरीवलं हुतं. आनि मी मजेत पीत हुतो रं. लय मजेत." मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात गेले. तोवर मला वाटत होतं की ते नेम मोडला म्हणून कष्टी आहेत. ते मजा आली म्हणून कष्टी होते. आईमागं आपल्याला पुन्हा काहीतरी गोड लागलं, ह्याची त्यांना लाज वाटत होती. त्याला मी काय औषध देणार? कुठला डॉक्टर देणार?

ते दिवस मला नको वाटतात. ऋतू एका खोलीत घोकत बसलेली, दुसऱ्या खोलीत अप्पा, आणि मी मधल्या खोलीत पेपर तपासत, चुकीच्या उत्तरांना बरोबरच्या खुणा करत.

मग एका दुपारी ऋतू पेपर देऊन आली आणि दप्तर आपटत बडबडायला लागली. केमिस्ट्रीबद्दल असेल असं मला वाटलं. "कसले मणी ते आज! आतून पांढरे, खडूसारखे. मैत्रिणीनं तर थुंकूनच टाकले. परवाही तसेच होते."

आतून आवाज आला. "का? तिला कुनी सांगत न्हाई व्हय?"

मी आणि ऋतू एकमेकींकडं बघायला लागलो.

"कोण सांगणार, आजोबा? ती रोज्यानं असते. तिला चाखता येत नाही. गिऱ्हाइकानं तोंडात घातल्यावरच कळतं."

"मग घान्यातनं काढायच्या आधी कोन बघतंय चावून?"

"कोणीच नाही."

 संध्याकाळी त्यांनी भाकरी नेहमीएवढीच खाल्ली, पण खाऊन झाल्यावर विचारलं, "निळा शर्ट धुतलाय का?" मी हो म्हटलं. धुतलेला नव्हता. घाईघाईनं धुऊन पंख्याखाली टाकला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मी घरी होते. ऊन कलायला लागलं तसे अप्पा निळा शर्ट घालून बाहेर आले.

"कुठं निघालात?"

"शाबू बघाय." चपला पायात सरकवत ते म्हणाले, "शाबू मी सोडलेला न्हाई."

मी दारात उभी राहून त्यांना वळणापर्यंत बघत होते. पुढं काय झालं ते मला तात्यांकडून कळलं. अप्पा जाऊन फळीपाशी उभे राहिले, रेहानानं वाटी पुढं केली, अप्पांनी चावून बघितलं आणि म्हणाले, "झाऱ्यानं हलवत ऱ्हा की. तळाचं शिजत्यात, वरचं तसंच ऱ्हात्यात." आणि मग तिनं विचारलं, "अप्पा, तुमच्यासाठनं बिनच्याचा करू?" तर म्हणाले, "कर. दूध आनि काकवी. आपलं काय आडत न्हाई." एवढंच. माफीबिफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही.

मी रेहानाचे आभार अजून मानलेले नाहीत. भांडायला मला शब्द सापडले, आभार मानायला सापडत नाहीत. ईदला शिरखुर्म्याचा डबा आला तेव्हा तो परत देताना रिकामा देऊ नये म्हणून मी त्यात शेंगदाण्याचे लाडू घातले, तेवढंच. पण तिनं त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर अप्पा फसवणुकीवर उठून बसलेले असते, आणि तसं बसलेलं माणूस कधी कोसळेल ह्याच्या धास्तीत मी राहिले असते. तिनं त्यांना खरं सांगितलं, आणि खरं कळूनही ते स्वतःच्या पायांनी परत गेले. हे मी तिला एकदा नीट सांगणार आहे. तोवर इथं लिहिते.

ऋतूचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी तिला न्यायला गेले. पोरं सुटलेली, सगळी रेहानाच्या गाड्यावर लोटलेली. दिवस मावळायला आला होता. मशिदीतून अजान झाली आणि रेहानाचे दोन्ही हात कामात होते. एका हातात ग्लास, दुसऱ्यात बर्फाचा चमचा, समोर वीसेक पोरं, आणि कोऱ्या चहाचं पातेलं रिकामं झालेलं. तिची खजुराची डबी फळीवर तशीच होती.

"तू बस," अप्पा म्हणाले. "पानी पी. मी बघतो."

"आवं अप्पा, च्या संपलाय. नवा टाकायचाय."

"टाकतो की. पिनं सोडलंय मी, करनं न्हाई."

आणि ते फळीच्या आतल्या बाजूला गेले. मी रस्त्यातच थांबले. माझ्या बापानं गॅसचं बटण फिरवलं, दचकून मागं सरला, पुन्हा फिरवलं. पाणी ठेवलं. रेहाना स्टुलावर बसून, तोंडात खजूर धरून, बोटांनीच खुणा करत होती, एवढी पावडर, आता झाकण. अप्पा परेडला उभं राहावं तसे पातेल्यापुढं उभे होते. पाण्याला उकळी फुटली तसं ते वाकून आत बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

मी जवळ गेले. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "तुझ्या आयला एकदाबी करून दिला न्हाई गं मी. पातेल्यात कसा दिसतो त्योसुदिक आज बघितला." त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. ती त्यांनी पुसली नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. भोवती पोरांचा एवढा गोंगाट होता की कोणाचं लक्ष नव्हतं.

त्यांनी चहा गाळला. पोरांसाठीचा बाजूला ठेवला. मग एका स्टीलच्या पेल्यात थोडा वेगळा काढून, त्यात दूध-साखर घालून, धारेनं वरखाली करून माझ्यापुढं धरला.

"तुला गारढोन आवडत न्हाई. गरम घे. मला चव बघता यायची न्हाई, तू सांग."

मी फुंकर मारून घोट घेतला. पावडर इतकी पडली होती की जीभ आखडली. वाटलं, छान झालाय म्हणावं. पण मणी चावून खरं सांगणाऱ्या माणसाला मी खोटं कशी सांगू?

"कडू झालाय, अप्पा."

त्यांनी पेला परत घेतला.

"बरं," म्हणाले, "उद्या पावडर कमी टाकतो."